श्रावणातले बांगडे

रायस्वाइक या डच गावातले आमचे एक शेजारी श्रावण कडक पाळतात आणि श्रावणातच शेवेनिंगनच्या बंदरातून मासेमारीच्या बोटीवर जातात. इथे बांगड्यांचे दिवस नेमके तेव्हाच येतात. पकडलेले सगळे बांगडे ते बोटीवरच वाटून टाकतात. मग जातात कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. पाण्यात गळ सोडताना दाराशी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं ते पुटपुटतात, “या, या. संकोच नको.”

यंदा मी माझ्या वडिलांना, अण्णांना, त्यांच्यासोबत नेलं. मला घरातला पहिला पदवीधर करण्याच्या नादात अण्णांचा समुद्र बघायचा राहूनच गेला होता. दुसऱ्या दिवशी ते गावी परतणार होते. बोटीवर सगळ्यांना मासे लागले, अण्णांचा गळ तेवढा रिकामा येत राहिला.

“आपण कोरडवाहू माणसं,” ते हसून म्हणाले, पण काठी काही सोडेनात.

शेवटी गळ वर घेण्याचा भोंगा वाजला. तेवढ्यात शेजाऱ्यांच्या काठीचं टोक थरथरलेलं मी पाहिलं.

“अण्णा, जरा धरा ही,” ते घाईने म्हणाले. “मी चहा ओततो.”

अण्णांनी आपली काठी ठेवून ती धरली आणि ते ओरडलेच, “लागला रे, लागला!”

“हाताला यश आहे तुमच्या,” शेजारी म्हणाले.

अण्णा तो तडफडणारा बांगडा सगळ्यांना दाखवत फिरू लागले. मी चहासाठी थर्मास उचलला, तर तो रिकामा होता. शेवटचा कप शेजाऱ्यांनी मघाशी अण्णांनाच पाजला होता.