आधी आवाज काढून दाखवा

मेस्त्रींच्या गॅरेजात बॉनेट उघडण्याआधी तोंड उघडावं लागे, आणि तेही गाडीवाल्याला. "आधी आवाज काढून दाखवा," एवढं म्हणून मेस्त्री स्टुलावर बसत आणि डोळे मिटून घेत. मग भलेभले ओशाळून इकडेतिकडे बघत, घसा खाकरत आणि शेवटी 'घर्रर्र' नाहीतर 'टक-टक-टक' असं काहीतरी सुरू करत. एका वकिलाने तर कोर्टातही कधी लावला नसेल असा सूर लावून सायलेन्सरचा खोकला काढून दाखवला होता. माणूस कुठे जोर देतो आणि कुठे दम खातो, यावरून गाडीचं निम्मं दुखणं कळतं, असं मेस्त्रींचं म्हणणं. उरलेलं निम्मं ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून शोधत. सगळी गल्ली त्यांना कानसेन म्हणायची आणि मेस्त्री हे नाव खुशाल मिरवायचे.

मिरवायचे तसे कान जपायचेही. शेजारच्या दुकानात दिवसभर पत्रा ठोकत. त्या ठणठणाटाने कानांचं वाटोळं होईल या धास्तीने मेस्त्री सकाळी आल्याआल्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबत आणि गाडी तपासायला घेतली की काढत. बायको त्याच गॅरेजच्या पुढच्या भागात सुट्या सामानाचं दुकान सांभाळायची. बोळे दिसले की ती म्हणायची, "एवढं जर मला जपलं असतं, तर..." पुढचं मेस्त्रींना ऐकू येत नसे, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

एके दिवशी गॅरेजात एक जुनी टर्बोवाली गाडी आली. मालकीण कान-नाक-घशाच्या डॉक्टर. गाडी त्यांच्या वडिलांची, आणि हिच्यावरच त्या गाडी चालवायला शिकलेल्या. दुसऱ्या एका मेकॅनिकने टर्बो गेलाय, आता गाडी भंगारात काढा, असं तोंडावर सांगितल्यामुळे बाईंचा चेहरा उतरला होता.

"आधी आवाज काढून दाखवा," मेस्त्री म्हणाले.

"कोण, मी?"

"मग काय मी काढू? मी कुठे ऐकलाय?"

डॉक्टरबाईंनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मेस्त्रींची बायको हसू लपवायला पाठ फिरवून उभी राहिली. "सूंऽऽईऽऽ," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

"उभ्या गाडीत की पळताना?"

"चढावर. अॅक्सिलरेटर दाबला की."

"मग दाबा की! पाय न दाबता आवाज कसा येईल?"

बाईंनी खरोखरच उजवा पाय फरशीवर दाबला आणि असा काही सूर लावला की शेजारचा हातोडा थांबला. मेस्त्रींनी डोळे उघडले. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा एवढासा पंखा. तो गेला असता तर लोखंड घासल्याचा आवाज आला असता. हा तर ओठांच्या चंबूतून निघाल्यासारखा होता.

"बाई, तुमचा टर्बो ठणठणीत आहे. हवा कुठूनतरी पळतेय."

आणि झालंही तसंच. मेस्त्रींनी टर्बोच्या तोंडावरची नळी काढून पंखा बोटाने फिरवून पाहिला, तो मुळीच डगमगला नाही. मग हवेच्या पाइपांवर साबणाचं पाणी शिंपडून आत बेताने हवा सोडली, तर एका क्लॅम्पच्या खालून बुडबुडे यायला लागले. तिथे पाइप चिरला होता. बायकोने फळीवरून जुळता पाइप काढून दिला, मेस्त्रींनी तो बसवला, आणि डॉक्टरबाईंना शेजारी बसवून ते गाडी घेऊन चढावर निघाले.

"गेला! मेस्त्री, आवाज गेला!" बाईंनी टाळी वाजवली.

"नाही हो. बारीक झालाय, पण आहे."

"मला तर नाही ऐकू येत."

"तुम्हाला नाही यायचा. त्याला कान लागतो," मेस्त्री म्हणाले. आपण हे कानाच्या डॉक्टरला सांगतोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

त्यांनी गाडी ठेवून घेतली. सगळे क्लॅम्प पुन्हा आवळले, टर्बो खोलून पुन्हा बसवला, बायकोला शेजारी बसवून चढ चढून पाहिला. "अहो, काही नाहीये," ती म्हणाली, तर तिच्यावरच खेकसले. शेवटी एका संध्याकाळी शेजारचं दुकान बंद झाल्यावर ते एकटेच गाडीत बसले. त्यांनी इंजिन सुरू करून ऐकलं आणि मग बंद केलं.

सूंऽऽ.

किल्ली काढली. सूंऽऽ. खाली उतरले, दार लावलं, पार भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. सूंऽऽ. आवाज गाडीत नव्हताच, त्यांच्या डाव्या कानात होता. आणि नीट आठवलं तर त्या कानाने हल्ली ऐकूही कमी येत होतं. नटांवर पाने फिरवणारे मेकॅनिक गल्लीत पुष्कळ होते. कान गेला तर आपल्यात आणि त्यांच्यात उरलं काय? गॅरेजला कुलूप लावायची वेळ आली, असंच त्यांना वाटलं. एवढी भीती त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई गाडी न्यायला आल्या. त्या बोलल्या की मेस्त्री उजवा कान पुढे करत. बाईंनी जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "मेस्त्री, तो बारीक आवाज सापडला का?"

"सापडला," मेस्त्री म्हणाले. "गाडीत नाही, माझ्या डोक्यात आहे." आणि बायकोसमोर त्यांचे डोळे भरून आले.

"आत्ताच चला," डॉक्टरबाई म्हणाल्या. बायकोने दुकानाचं शटर ओढलं आणि नवऱ्याच्या आधी ती गाडीत जाऊन बसली.

दवाखान्यात दाराबाहेर पेशंट ताटकळत होते. आत डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आधी आवाज काढून दाखवा."

मेस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं. घसा खाकरला. बायको पाठ फिरवून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. "सूंऽऽ," मेस्त्री म्हणाले.

"मोठ्याने. हवं तर पाय दाबा."

मेस्त्रींनी पाय दाबला. बाहेरचे पेशंट गप्प झाले. मग बाईंनी दिवा लावून कानात पाहिलं, हसू दाबत चिमटा आत घातला आणि मळाने काळा पडलेला एक गोळा बाहेर काढून ताटलीत ठेवला. तो कापूस होता. बोळ्याचा तुकडा तुटून आत राहिला होता आणि मेस्त्रींनी त्याच्यावर रोज नवा बोळा ठासला होता.

"पडदा शाबूत आहे. तुमचा कान ठणठणीत आहे, मेस्त्री. फिल्टर तेवढा तुंबला होता."

मेस्त्री उठले ते तडक बाहेर. "बाई, जरा गाडी सुरू करा!" डॉक्टरबाई पांढऱ्या कोटातच गाडीत बसल्या. मेस्त्रींनी डावा कान बॉनेटला लावला, मान डोलावली. "आता बंद करा."

इंजिन थांबलं. मेस्त्रींनी डोळे मिटले. काही नाही. कुठे काहीसुद्धा नाही. त्यांचा चेहरा इतका खुलला की दवाखान्याच्या खिडकीतले पेशंटही कारण नसताना हसायला लागले. मागे उभी असलेली बायको अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटली, "एवढं जर मला जपलं असतं, तर..."

"तर काय?" मेस्त्रींनी मागे न वळता विचारलं. "सांग की पुढचं. आज ऐकू येतंय."

बायको गोंधळली. इतकी वर्षं ती तिथेच थांबत आली होती; पुढचं तिला कधी जुळवावंच लागलं नव्हतं. "तर काही नाही," ती शेवटी म्हणाली आणि तिने जाऊन त्यांचा हात धरला.