साडूभाऊंचा घनपाठ

माझ्या साडूंना बसलेलं पाहिलेला माणूस साऱ्या काशीत सापडणार नाही. चाळीस वर्षं मी त्यांना पाहतो आहे. ते उभे असतात, चालत असतात, ओणवे असतात, नाहीतर कुणाच्या तरी स्टुलावर चढून पंख्याचं टोपण उघडत असतात. पण बसलेले नसतात. चहा उभ्यानं घेतात. पेपर गल्लीतून चालताना वाचतात आणि समोरून सांड आला की भिंतीला टेकून त्याला वाट देतात व पुढची ओळ सुरू करतात. एकदा रामनगरला जाताना नावेतही त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या सुरू केल्या, तेव्हा मल्लाह ओरडला, "अरे बैठ जाइए बाबूजी, नाव है, पलेटफारम नहीं!" साडूभाऊंनी त्याला शांतपणे विचारलं, "इंजन की आवाज ऐसी कब से है?" आणि पलीकडचा काठ येईपर्यंत ते त्या इंजिनावर वाकलेले होते. माझ्या वडिलांच्या श्राद्धाला तर ते चक्क पानावरून उठले, कारण आमचा इन्व्हर्टर त्यांच्या मते चुकीच्या सुरात गुणगुणत होता. "अहो साडूभाऊ, पान सोडून उठू नये," मी म्हणालो. आम्ही दोघंही एकमेकांना साडूभाऊच म्हणतो. ते म्हणाले, "साडूभाऊ, पंखा बंद पडला तर तुमच्या वडिलांनाच उकडेल."

लहानपणी त्यांना ब्रह्मा घाटावरच्या एका वेदपाठशाळेत घातलं होतं. तिथं चार वर्षं काढून ते पळाले, पुढे रेल्वेच्या सिग्नलच्या कामाला लागले आणि निवृत्तीनंतर दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतले संगणक दुरुस्त करू लागले. पाठशाळा सुटली, पण घनपाठ सुटला नाही. घनपाठात मंत्राचे शब्द उलटसुलट गुंफून म्हणतात: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. साडूभाऊ संगणकाच्या वायरी याच क्रमानं लावून पाहत, तोंडानं पुटपुटत, एका हातानं ताल धरत. मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. उरलेले स्क्रू ते होमिओपॅथीच्या रिकाम्या कुप्यांत ठेवत आणि प्रत्येक कुपीवर बारीक अक्षरात चिठ्ठी डकवत. "पांडेजींचा, बहुधा पंख्याचा." "कुणाचा ते आठवत नाही, पण मशीन चालू आहे." माझी बायको म्हणायची, "भावोजींनी दुरुस्त केलेलं यंत्र दरवेळी थोडं हलकं होऊन येतं."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे आणि आम्ही तसंच नेत आलो. पण त्यांच्याविषयीची एक गोष्ट आमच्या नात्यात सहा वर्षं खोटी सांगितली जाते आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझं वय आता अठ्ठ्याहत्तर आहे, म्हणून लिहून ठेवतो.

आमच्या सासूबाई जाण्याच्या वर्षभर आधी साडूभाऊंनी तीन दुपारी त्यांचा आवाज रेकॉर्ड केला होता. मंगळागौरीची गाणी, बोरन्हाणाची हकीकत, आणि "तुम्ही लोक हल्ली मराठी बोलता की हिंदी, मला काही समझत नाही" अशी त्यांचीच एक तक्रार. रेकॉर्ड करतानाही साडूभाऊ फेऱ्या मारत होते, त्यामुळे सगळ्या गाण्यांमागे चपलांचा आवाज होता. ते सगळं माझ्या संगणकाच्या दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवलं होतं. दुसरी प्रत काढायची राहून गेली होती.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा होते. शस्त्रं म्हणजे विळी, कात्री आणि माझा संगणक. साडूभाऊ दरवर्षी बजावत, "वरून फूल ठेवा, नमस्कार करा, बस. पाणी नाही, हळदकुंकू नाही." पण मी जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस, पूजा अर्धी ठेवणं जिवावर येतं. त्या वर्षी घरात कुणी नसताना मी संगणकाचा बाजूचा पत्रा उघडला, आत हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि पळीभर गंगाजल शिंपडलं. मग पत्रा लावला आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर एकच वाक्य: डिस्क सापडत नाही. एकही नाही.

साडूभाऊ आले ते पायऱ्या चढतानाच विचारत आले, "काय केलंत?"

"काही नाही. हातही लावला नाही."

त्यांनी पत्रा उघडला आणि क्षणभर, त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, ते स्तब्ध उभे राहिले. चिमट्यानं आतून काहीतरी उचलून खिशात टाकलं. मला वाटलं, स्क्रू असेल. मग फडकं घेऊन, माझ्याकडे पाठ करून, बराच वेळ आत पुसत राहिले. त्यानंतर घनपाठ सुरू झाला. तोवर त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, तीही येऊन दारात उभी राहिली. एक-दोन, दोन-एक. दुसरी डिस्क पूर्ण काढली तेव्हा पहिली लगेच दिसू लागली. पहिलीत माझे श्लोक, पंचांगं आणि विजेची बिलं होती. "मशीन ठीक आहे, ही दुसरीच सगळ्यांना अडवते आहे," ते म्हणाले. दुसरी त्यांनी वेगळ्या वायरीनं लावून पाहिली, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा लावली तेव्हा खोलीत जळका वास पसरला.

ताई म्हणाली, "घालवलात ना आईचा आवाज? सारखी चुळबुळ, सारखी चुळबुळ! एक वस्तू हातात नीट राहील तर शपथ."

साडूभाऊ म्हणाले, "हं."

मी तिथंच होतो. तोंड उघडलं असतं तर पुरे होतं. मी चहा टाकायला आत गेलो.

तेव्हापासून गल्लीत त्यांना कुणी संगणक दिला नाही. लग्नाकार्यात त्यांनी पंख्याकडे नुसतं पाहिलं तरी ताई सगळ्यांदेखत म्हणे, "हात लावू नका, आईचा आवाज झाला तेवढा पुरे." लोक हसत. मीही हसत असे. पुढे दोघं मुलाकडे रामनगरला राहायला गेली.

यंदा खंडेनवमीला मी फक्त फूल ठेवलं आणि नावेनं पलीकडे गेलो. साडूभाऊ गच्चीवर फेऱ्या घालत होते. मीही त्यांच्याबरोबर चालू लागलो, कारण त्यांच्याशी बोलायचा दुसरा मार्ग नाही. तिसऱ्या फेरीला मी सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. खाली गेले आणि एक कुपी घेऊन आले. आत तांदळाचा एक दाणा होता, एका बाजूनं कुंकवानं लाल. चिठ्ठीवर लिहिलं होतं: "साडूभाऊंचा. सांगू नये."

"अहो, पण का? सहा वर्षं तुम्ही बोलणी खाल्लीत!"

"तुमची ताई रोज गंगेत न्हाते, साडूभाऊ. आईचा आवाज गंगेच्या पाण्यानं गेला हे तिला सांगितलं असतं, तर ती रागावली कुणावर असती? माझ्यावर रागवायची तिला सवय आहे."

मला पुढची फेरी घालवेना. मी जिन्यातून ताईला हाक मारली. ती वर आली. मी कुपी तिच्या हातात दिली आणि पळीसकट सगळं सांगितलं. साडूभाऊ मध्येच म्हणाले, "जाऊ द्या हो," पण मी थांबलो नाही. मध्ये थांबलो असतो तर मलाही पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं, आणि तेवढं बळ माझ्यात नव्हतं.

ताई बराच वेळ कुपी उन्हात धरून पाहत होती. माझ्याशी ती अजूनही फारशी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. तिनं कोपऱ्यातली खुर्ची ओढली, पदरानं पुसली आणि नवऱ्याला म्हणाली, "किती चालाल? बसा जरा."

साडूभाऊंनी खुर्चीकडे पाहिलं, तिचा एक पाय हलतो का ते हातानं तपासलं, आणि बसले.