बानं वाजवून पाहिलेलं धनुष्य

आमच्या पाड्यावर धनुष्य आपलं आपण निवडायची पद्धत नाही. घरातलं मोठं माणूस निवडतं. दोरी ओढायची, धनुष्य कानाशी धरायचं आणि बाण न लावताच दोरी सोडून द्यायची. आवाज मनाला आला तर ‘घे’, नाही आला तर भिंतीला टेकवून ठेवायचं. मग तुम्ही कितीही हातापाया पडा. माझं पहिलं बांबूचं धनुष्य बानंच असं वाजवून दिलं होतं. म्हणून त्या शनिवारी शहाद्याला कंपाउंड धनुष्य घ्यायला निघाले, तेव्हा बाला तळोद्यात बोलावून घेतलं. तो वरच्या पाड्यावरून जीपनं उतरला, धुवून घडी घातलेला सदरा घालून.

बसमध्ये त्याला बजावलं, ‘बा, याला वाजवायचं नाही. रिकामी दोरी सोडली की हे धनुष्य मोडतं.’

‘मग मी येऊन करू काय?’ तो म्हणाला. आम्ही घरी पावरी बोलतो, इथं मराठीत सांगते आहे.

‘बघ, हात लाव, हो म्हण.’

‘हं,’ म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

घाई कशाची होती तेही सांगते. लग्नाआधी मी कंपाउंड मारायची. राज्य स्पर्धेपर्यंत गेलेली. धनुष्य कॉलेजचं होतं, कॉलेज सुटलं तसं तेही सुटलं. पुढं नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊसतोडीला. तिथं मोळी ट्रॉलीवर चढवताना उजवा खांदा निखळला. बसवला, पुन्हा निखळला. आता लोणखेड्याकडच्या एका शाळेत पोरींना तिरंदाजी शिकवते, करारावर. शाळेत सगळी बांबूची धनुष्यं. ती ओढून धरायची म्हणजे सगळं वजन खांद्यावर, आणि माझा खांदा म्हणतो, बाई, मी चाललो. म्हणून तोंडानं शिकवायची. पोरी शिकतही होत्या चांगल्या. पण कुणाच्या तरी डोळ्यात खुपलं. मॅडम नुसत्या बोलतात, मारून कुठं दाखवतात? नाचता येईना अंगण वाकडं, असंही माझ्या पाठीमागं म्हणून झालं. मग गुरुवारी निरोप आला: सोमवारी शाळेची समिती येईल, मॅडमनी स्वतः मारून दाखवावं, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरं माणूस बघू.

माझं घर त्या पगारावर चालतं. नवरा अजून ऊसतोडीला जातो, मी जाऊ शकत नाही. ऊस काही तोंडानं तुटत नाही.

गुरुवारी रात्री मला एक लख्ख आठवलं. कंपाउंडला दोन टोकांना चाकं असतात. ओढताना जोर लागतो खरा, पण एका टप्प्यापुढं चाकं वळतात आणि वजन गळून पडतं. मग आरामात नेम धरता येतो. तेवढा टप्पा खांद्यानं निभावला तर मी वाचले. शहाद्याच्या खेळाच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, पुण्याहून दोन नमुने आलेत, या.

दुकानदार मारवाडी. आजोबांपासून इथलाच, त्यामुळं अहिराणी आमच्याहून फर्डी. कॅरम, बॅटी, शाळांच्या ढाली विकणारा. दुकानात उंदीर दिसला तरी हाकलायला हात जोडणारा माणूस, आणि मला धनुष्य दाखवत होता.

‘ताई, आते समदं बदली गयं,’ तो म्हणाला. खरंच बदललं होतं. माझ्या वेळची धनुष्यं मला डोळे मिटून जुळवता यायची. इथं चाकांच्या आकारापासून दोऱ्यांच्या वेटोळ्यांपर्यंत एक गोष्ट ओळखीची असेल तर शपथ. माहेरी गेले आणि घरच सापडेना, असं झालं मला.

एक धनुष्य काळं, लांब, स्पर्धेचं. तेच उचललं. अर्ध्यापर्यंत आलं आणि खांद्यात कट्‌ झालं. दुकानदारानं पाना लावून वजन उतरवलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तिथंच अडलं. घामानं दोरी सुटेल म्हणून हात पदराला पुसला आणि तिसऱ्यांदा ओढलं.

‘याना खाले नही उतरत ताई,’ तो म्हणाला. मग बिचकतच दुसरं पुढं केलं. ‘हाई देखा. नवशिक्या पोरेस्नं शे. पन वजन पार खाले उतरस.’

डोक्यात तिडीक गेली. राज्याला गेलेली बाई मी, आणि मला शिकाऊ पोरांचं? पण गरजवंताला अक्कल नसते, तिथं मान कुठला असायला. घेतलं हातात.

ओढलं. खांदा कळवळला. दात आवळून आणखी ओढलं, आणि चाकं वळली. वजन गेलं. असं गेलं, जणू कुणी डोक्यावरची मोळी उतरवून घेतली. मी भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरून उभी होते, हात थरथरत नव्हता, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. जपून, हळूहळू दोरी परत नेली.

‘हेच,’ मी म्हटलं. ‘बा, हेच.’

‘नशीब शे तुमनं,’ दुकानदार म्हणाला. ‘हाई एकच ऊनं. दुसरं मांगं तं महिना तरी लागस.’ एकच आलेलं, दुसरं मागवायचं तर महिना.

बानं हात लावला, हो म्हणाला. धनुष्य काउंटरवर ठेवून मी दुकानदाराबरोबर आतल्या कपाटाशी गेले, दोरी सोडायचा खटका निवडायला. दोन खटके हातात घेऊन बघत होते, तेवढ्यात मागं बार उडाल्यासारखा आवाज झाला.

वळले. बा उभा होता, धनुष्य कानाशी. आमच्या लोकांसारखी दोन बोटं वाकवलेली, अंगठा बाजूला. दोरी चाकावरून उडून लोंबत होती. धनुष्याची खालची पट्टी उभी चिरलेली. बाच्या गालावरून रक्त ओघळत होतं.

‘अरे बाबा, हाई काय कयं!’ दुकानदार ओरडला.

आणि मी! भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, बापावर ओरडले. ‘तुला सांगितलं होतं ना! सांगितलं होतं की नाही?’

‘सांगितलंस,’ बा म्हणाला. ‘म्हणून तू आत गेल्यावर वाजवलं. समोर करू दिलं नसतंस.’ त्यानं धनुष्य काउंटरवर ठेवलं. तोंडावर सुटकेचं हसू. ‘बघ, कच्चं निघालं. सोमवारी तुझ्या तोंडावर फुटलं असतं, पोरी. डोळा गेला असता. माझ्यावर फुटलं, बरं झालं. माझं काय आता.’

पुढचं सगळं माझ्या तोंडात तयार होतं. तूच मोडलंस, ते धड होतं, माझी भाकरी मोडलीस. दुकानदारही तेच सांगायला तोंड उघडत होता. बाच्या गालावर रक्त होतं आणि तो माझ्याकडं बघून हसत होता. मी दुकानदाराला मानेनंच नको म्हटलं.

त्यानं मोडकं धनुष्य उचलून खालवर पाहिलं. मग म्हणाला, ‘हा बाबा. मालच कच्चा व्हता.’ देवमाणूस. भरपाई मी हप्त्यानं देणार हे न बोलताच ठरलं.

बा नळावर गाल धुवायला गेला तशी मी काळं धनुष्य उचललं. ओढलं. परत ओढलं. पाय भिंतीला रोवून ओढलं. कसं आणि किती वेळा, मला नाही सांगता येणार. शेवटी दुकानदारानंच ते हातातून काढून घेतलं. ‘बस करा ताई, हात जाई.’ मग म्हणाला, ‘सोमवारपर्यंत लई जा. जमनं तं जमनं.’ आणि खोक्यात घालून दिलं.

परतताना बसमध्ये बानं ही गोष्ट आधी शेजारच्याला सांगितली, मग कंडक्टरला. पोरगी कच्चा माल घेत होती, मी वाजवला म्हणून कळलं. ‘घरमा म्हातारं मानूस पाहिजेच,’ कंडक्टर म्हणाला. बा खूश. मी खोकं मांडीवर घेऊन बसले होते.

तळोद्याला त्याची जीप भरत आली होती. मागच्या फळीवर चढून बसला आणि मला जवळ बोलावलं.

‘हे काळं चांगलं आहे,’ म्हणाला. ‘पक्कं. तू ओढशील. लहानपणी माझं धनुष्य ओढायला गेलीस तेव्हाही असंच व्हायचं. रडायचीस, पण ओढलंसच ना शेवटी? सोमवारी मी येतो बघायला.’

‘ये बा,’ मी म्हटलं.

जीप सुटली. त्यानं हात केला, मीही केला. डावा. उजवा वर जात नव्हता.