मशीनच्या पोटातलं दत्तारामचं काम

मंगलवहिनींचा फोन आला तेव्हा मी रामवाडीला गॅरेजमध्ये स्कूटरची केबल बदलून घेत होतो. सकाळचा चहा घेताना त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या मित्राच्या, दत्तारामच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटपलं, असं त्यांनी रडू आवरत सांगितलं. आदल्याच रविवारी हा माणूस आमच्या घरी बसून, पोह्यात बटाटा का घातला म्हणून माझ्या बायकोशी हुज्जत घालत होता... त्याला जाऊन आता सव्वा महिना झाला. पेपरात त्याच्याबद्दल चार ओळी आल्या, त्यात 'संगणक अभियंता' असं छापलं होतं. ते खोटं नाही, पण त्यावरून कुणाला वाटेल की हा गृहस्थ कुठेतरी थंडगार ऑफिसात बसून बटणं दाबत असेल. तसं नव्हतं, म्हणून मी लिहायला बसलो.

दत्ताराम खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. मी आतल्या गावचा, भातवाला. पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर आलो ते गणिताच्या मास्तरांच्या कृपेने. माझी वही कायम कोरी आणि त्याची भरलेली, तेव्हा शेजारी बसून मला काही लागण होईल अशी त्यांची आशा होती. पुढे मी डिप्लोमा करून रोह्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर म्हणून चिकटलो, आणि तो इंजिनिअर होऊन पुण्याच्या एका कंपनीत गेला. ती कंपनी कारखान्यांसाठी कंट्रोलर बनवायची. टाकीत शिजणाऱ्या मालाचं तापमान किती, दाब किती, हे आम्हाला पडद्यावर ज्या पेटीमुळे दिसतं, ती पेटी म्हणजे कंट्रोलर. तिच्या पोटात जे सॉफ्टवेअर कायमचं बसवलेलं असतं त्याला फर्मवेअर म्हणतात, आणि त्यातलंही सगळ्यात तळाचं, बाकीच्या प्रोग्रॅमना जागा वाटून देणारं जे असतं ते कर्नल; त्याचं काम दत्तारामकडे होतं. नंतर त्याने पेणलाच घर बांधलं आणि वरच्या खोलीत पेट्या मांडून तिथूनच काम करू लागला. त्या खोलीत झाडू मारायची वहिनींना परवानगी नव्हती.

त्याचं नेमकं काम काय, हे मला कळायला बरीच वर्षं गेली. एकदा मी हट्टच धरला, तेव्हा त्याने सांगितलं. पेटीत मेमरीची जागा थोडी असते. आत चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला वाटतं, आपल्याला सलग ऐसपैस जागा मिळाली आहे. प्रत्यक्षात ती तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली असते. कुठला तुकडा कुणाच्या नावावर, याचा तक्ता कर्नल सांभाळतो, आणि त्या नोंदींना मॅपिंग म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे तू तलाठी. तो म्हणाला, तलाठीच, पण कामाला हजर असलेला.

आमच्या कारखान्यातले कंट्रोलर त्याच्याच कंपनीचे, पण जुने होते. त्यांचं फर्मवेअर दर बारीक तुकड्याची वेगळी नोंद करायचं, काम झालं की ती खोडायचं आणि पुन्हा करायचं. कित्येक नोंदी खोडायच्या राहूनच जायच्या. तक्ता फुगत जायचा, पेटी सुस्तावायची आणि शेवटी पडदा गोठायचा. पडदा गोठला की आत टाकी तापतेय की निवतेय, काही कळायला मार्ग नाही. अशा वेळी आमच्या तोंडचं पाणी पळायचं. दत्तारामने तो सगळा भाग नव्याने लिहिला. लागून असलेले तुकडे एका नोंदीत आणले, वापर संपला की जागा मोकळी होईल अशी सोय केली. तीच जुनी पेटी, तेवढीच मेमरी, आणि धावायला लागली. आमच्याकडे तीन महिने चाचणी झाली, पडदा एकदाही अडकला नाही. मी साहेबांपुढे छाती फुगवून फिरत होतो. पेणचा माझा मित्र आहे, त्याच्या कामाची हमी मी घेतो, असंही बोलून बसलो होतो.

सगळ्या प्लँटमध्ये ते बसवायचं ठरलं. मंजुरीची मीटिंग होती, पुण्याहून त्याच्या कंपनीचे लोक आले होते. दत्तारामचं काही काम नव्हतं तिथे, तरी तो आला. अंगावर घरातलाच शर्ट. सह्या व्हायच्या आधी उठला आणि शांतपणे म्हणाला, "हे आज लावू नका. यात चूक आहे, आणि ती माझी आहे."

साहेब म्हणाले, अहो, तीन महिन्यांत काही झालं नाही. दत्ताराम म्हणाला, झालं नाही हे आपलं नशीब. मग त्याने फळ्यावर काढून दाखवलं. पेटीत दोन प्रोसेसर होते, आणि वेग यावा म्हणून प्रत्येक जण तक्त्याच्या थोड्या नोंदी स्वतःजवळ उतरवून ठेवायचा. एकाने नोंद खोडली की दुसऱ्याला कळवायचं, जवळची जुनी नोंद टाक, आणि त्याचं 'टाकली' असं उत्तर येईपर्यंत थांबायचं. हे थांबणं वेळ खायचं. म्हणून दत्तारामने निरोप धाडून पुढे जायची सोय केली होती. दुसरा बहुधा रिकामाच असतो, तो बघेल, असा त्याचा हिशेब. पण घरच्या खोलीत दोन्ही प्रोसेसरवर मुद्दाम भार टाकल्यावर एकदाच, काही सेकंद, दुसरा प्रोसेसर जुन्याच जागेवरचा आकडा वाचत राहिला. तापमान वाढलेलं होतं आणि पडदा आधीचंच दाखवत होता. हे फक्त त्याने पाहिलं होतं. तो बोलला नसता तर कुणालाही कळलं नसतं.

मंजुरी बारगळली. त्याच्या कंपनीचे लोक त्याच्याशी एक शब्द न बोलता गाडीत बसून गेले. आम्ही दोघं रोह्याहून पेणला परत निघालो, आणि गाडीत मी त्याला फैलावर घेतलं. मला राग याचा होता की हमी मी घेतली होती. म्हटलं, पुढच्या खेपेला गुपचूप दुरुस्त करून टाकलं असतंस तर काय बिघडलं असतं? चारचौघांत स्वतःची आणि माझी शोभा कशाला?

त्यावर त्याने वडिलांचं सांगितलं. त्याचे वडील मिठागराच्या उघाडीवर असायचे. उघाडी म्हणजे बांधातलं दार, फळी उचलली की खाडीचं पाणी आत शिरतं. फळी उचलायच्या आधी ते मीठ ओढणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारायचे, आणि प्रत्येकाचं, बांधावर आल्याचं 'व्हय' ऐकू येईपर्यंत थांबायचे. एकाचं जरी राहिलं तरी फळी जागची हलायची नाही. भरतीची वेळ चुकते म्हणून मुकादम शिव्या घालायचा, तरी नाही.

"बाबांनी आयुष्यात कधी उत्तराआधी फळी उचलली नाय," दत्ताराम म्हणाला. "आणि मी इंजिनिअर होऊन हाक मारली नि पुढं गेलो. रम्या, त्या पडद्यासमोर तू बसतोस."

माझा राग कुठच्या कुठे गेला. इतके दिवस मी समजत होतो की मी त्याची हमी घेतली आहे.

कंपनीने त्याच्याकडून त्या कामाचं प्रमुखपद काढून घेतलं आणि त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली त्याला दिलं. तो कुरकुरला नाही. त्याच वरच्या खोलीत बसून त्याने आपलंच काम उसवलं आणि पुन्हा शिवलं. उत्तरासाठी थांबणं परत आणलं, पण आता एकेका नोंदीसाठी वेगळा निरोप नाही. खोडायच्या नोंदी गोळा करायच्या, सगळ्यांचा एकच निरोप, एकच उत्तर. ते आल्याशिवाय एकही मोकळी जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. पेटी खरीही झाली आणि वेगही जवळजवळ तेवढाच राहिला. पुढच्या वर्षी ती आमच्या सगळ्या प्लँटमध्ये बसली. नारळ फोडला तेव्हा कागदावर नाव दुसऱ्याचं होतं आणि दत्तारामला बोलावणंही नव्हतं. पेढे मी त्याच्या घरी घेऊन गेलो. त्याने दोन खाल्ले आणि विचारलं, दुसरा प्रोसेसर किती तापतो, हात लावून बघितलास का? मला त्या दिवशी त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या पोराच्या पदवीचाही वाटला नव्हता, हे मी इथे कबूल करून टाकतो.

मी आता निवृत्त आहे. मागच्या आठवड्यात रोह्याला गेलो होतो, तर जुन्या साहेबांच्या ओळखीने कंट्रोल रूममध्ये डोकावलो. शिफ्टवर प्रकाश होता, माझ्यानंतर त्या खुर्चीवर आलेला, आता चाळिशी ओलांडलेला. त्याला सांगितलं की या पेट्यांचं आतलं काम ज्याने केलं तो माझा मित्र गेला. त्याला दत्ताराम हे नावसुद्धा माहीत नव्हतं. मी विचारलं, पडद्यावरचा आकडा बाहेर टाकीच्या काट्याशी ताडून बघता की नाही? आम्ही दर तासाला बघायचो.

"बघतो ना काका, नियमच हाय," प्रकाश म्हणाला. "पण लागल्यापासून एकदा पन खोटं बोलली नाय ही पेटी."

मी म्हटलं, "बनवणाऱ्याच्या वळणावर गेलीय."