आत्याच्या नावाची गुलबक्षी

एक फूलझाड जगभर आमच्या मीराआत्याच्या नावाने ओळखलं जातं, अशी थाप मी मारली आणि आत्याने ती खरी मानली.

माझ्या मुलीला पाहायला पाहुणे येणार म्हणून आत्या सकाळीच दापोरा गावाहून आमच्या शहरातल्या इतवारा पेठेतल्या घरी आली. (केळीच्या बागा एकटीने सांभाळणारी बाई! तिच्यापुढे मजूर, व्यापारी आणि आम्ही, सगळे सारखेच गप्प.) आल्या आल्या विळा घेऊन ती अंगणातल्या गुलबक्षीवर चालून गेली.

"हा रानटी पसारा कशाला रे? काढून फेकते!"

गुलबक्षी माझी लाडकी. मी ओरडलो, "आत्या, थांब! शास्त्रात हिचं नाव मिराबिलिस जलापा आहे. मिरा म्हणजे तू!"

विळा हवेतच थांबला. "आन् जलापा?"

"जल... म्हणजे पाणी. मीराने पाणी घातलं की फुलणारी!" (नाव मोबाईलने सांगितलेलं. अर्थ माझा!)

आत्याने विळा टाकून बादली उचलली. दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली. शेजारच्या काकू तर झाडासोबत आत्याचा फोटोच काढून गेल्या!

संध्याकाळी पाहुणे आले, तेव्हा गुलबक्षी नेमकी फुलत होती. मुलाचे वडील कॉलेजात शिकवतात, एवढंच आम्हाला ठाऊक. काय शिकवतात, ते आता कळलं. वनस्पतिशास्त्र!

"सर, हे झाड माझ्या नावाचं," आत्या चहाआधीच सुरू झाली. "विचारा ह्याला!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे.

"आत्याबाई, मिराबिलिस हा लॅटिन शब्द," सर हळूच म्हणाले. "म्हणजे अद्भुत. थक्क करणारं."

"आन् जलापा?"

"ते मेक्सिकोतलं गाव. तिकडून जुलाबाची एक मुळी यायची. ती याच झाडाची, असा पूर्वी गैरसमज झाला, आणि नाव चिकटलं."

मी मनात म्हटलं, सोयरीक गेली!

आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "मतलब, थक्क करणारं ते माझं, आन् जुलाबाचं ते ह्याचं!"

सर इतके हसले, की कपातला चहा बशीत आला. "मुलं हो म्हणाली तर आमच्याकडून पक्कं," ते म्हणाले. "अशी आत्या आम्हाला कुठे मिळायची?"

मुलं हो म्हणाली.

साखरपुड्यात सरांनी आपल्या कॉलेजातल्या मित्रांना मोठ्या कौतुकाने आत्याची ओळख करून दिली, "या आमच्या मिराबिलिस!" मित्रांनी वाकून नमस्कार केला. मग सर माझ्याकडे वळले, "आणि हे यांचे भाचे."

"अच्छा," त्यातले एक प्राध्यापक माझा हात हातात घेत म्हणाले, "म्हणजे जलापा?"