लाल ठिपक्याचा बोल्ट

गॅरेजच्या दारात कोणी हॉर्न वाजवला की अक्का आतूनच विचारायची, "हॉर्न दुरुस्त करायचाय?" माणूस नाही म्हणाला की, "मग बंद कर." तिचं स्वागत एवढंच. नवं गिऱ्हाईक बिचकायचं, जुनं हसायचं, आणि दोघंही हॉर्नवरचा हात काढायचे. गोड बोलणाऱ्या माणसाकडे ती सुटलेल्या नटकडे पाहावं तशी पाहायची: हा आत्ता नाही तर पुढच्या वळणावर पडणार.

तिला सगळे लॉकअक्का म्हणत, कारण डिफरन्शियल लॉक करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांबचा रस्ता कापावा लागतो. म्हणून मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल नावाचा लोखंडी गोळा असतो. तो दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतो. ड्रिफ्टवाल्यांना हा समंजसपणा नको असतो. गाडी आडवी घसरवत न्यायची तर दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने सुटायला हवीत. नाहीतर हलकं झालेलं आतलं चाक एकटंच जागच्या जागी भिरभिरतं, धूर काढतं आणि गाडी मुकाट सरळ होते.

यावर अक्काचा उपाय ठरलेला. गोळा उघडायचा, आतले छोटे गिअर तेल पुसून लख्ख करायचे आणि वेल्डिंगने एकमेकांना कायमचे चिकटवून टाकायचे. मग तो गोळा कोरड्या वाळूच्या पिंपात पुरून ठेवायचा, म्हणजे सावकाश गार होतो आणि तडकत नाही. हे तिला वडिलांनी शिकवलेलं. "माझं लग्नही असंच वाळूत पुरलं असतं तर टिकलं असतं," असं ती स्वतःच म्हणायची, पण दुसऱ्या कोणी त्यावर हसायचं नाही. सासरहून ती एका पिशवीनिशी परत आली, पिशवी खिळ्याला अडकवली आणि त्याच दुपारी वेल्डिंगचा मास्क चढवला. तेव्हापासून गॅरेज तिचं, आणि तिचा धाकटा भाऊ तिच्या हाताखाली.

धाकट्याची बायको गॅरेजमधे पहिल्यांदा आली ती भांडायला. ब्रेक करकरतात म्हणून. भांडण मिटलं नाही, ती मात्र राहिली. ती दिवसा औषधांची व्हॅन चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी ड्रिफ्टची गाडी. अशी चालवायची की बघणाऱ्यांचे पाय आपोआप मागे सरायचे. ती गाडी अक्काने भंगारातून उभी केलेली. मागच्या चाकांपाशी असा एक बोल्ट नव्हता की ज्याला तिचा पाना लागला नव्हता. गाडी एकीने घडवलेली, दुसरीने चालवलेली, आणि दोघी एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या.

गेल्या मोसमात ड्रिफ्ट स्पर्धेच्या उपांत्य फेरीत डावा एक्सल, म्हणजे गोळ्यातून चाकाकडे जाणारा दांडा, कडाडकन तुटला आणि गाडी टायरच्या भिंतीत घुसली. भावजयीचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, राग निघाला नाही.

"तुमच्या वेल्डिंगने माझा मोसम खाल्ला, वन्सं."

"वेल्ड शाबूत आहे. तुटला तो एक्सल."

"आणि एक्सल कशाने तुटला? दोन्ही चाकं जखडली की सगळा पीळ त्याच्यावर येतो."

"पीळ तुझ्या पायात आहे, बाईसाहेब. क्लचवर नाचतेस."

हे रोजचं. गॅरेजच्या वरच राहायचे तिघं, त्यामुळे भांडणाला जिना चढायचे तेवढेच कष्ट. एका सकाळी अक्का चहाला वर आली तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक जड खोका.

"काय आहे हे?"

"लिमिटेड स्लिप. प्लेटचा डिफ. जोर दिला की आतल्या प्लेट आवळतात आणि दोन्ही चाकं बांधली जातात. जोर नसला की थोडं सैल सोडतो. एक्सलचे हाल होत नाहीत."

"म्हणजे धड बांधलेला नाही, धड सुटलेला नाही. नवऱ्यासारखाच आणलास की."

"मला यात ओढू नका," धाकटा कपबशा विसळत म्हणाला.

"आणि हा डिफ पलीकडच्या गल्लीतला गिअरबॉक्सवाला बसवेल," भावजय म्हणाली. "यापुढे गाडीचं मागचं सगळं काम त्याच्याकडे. तुम्ही हात लावलात तर मी सीटवर बसणार नाही."

अक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. डिफ गेला असता तर तिने एक वेळ चालवून घेतलं असतं. पण तिच्या गाडीखाली दुसऱ्याचं डोकं? तिने चहाचा भरलेला कप तसाच परत सरकवला, आणि ते पाहून धाकट्याला घाम फुटला. त्याने घाईघाईने तोडगा काढला: दोन्ही डिफ एकाच दिवशी चालवून बघायचे. प्लेटवाला सरस ठरला तर काम गिअरबॉक्सवाल्याकडे. वेल्डवाला ठरला तर खोका परत, आणि तक्रार बंद.

"ठरवणार कोण?"

"चालवणारी," भावजय म्हणाली.

"वा! परीक्षा देणारीच पेपर तपासणार! चालेल. पण कोणता डिफ लावलाय ते तुला सांगायचं नाही. बसवणार मी, बघायला हा. तू लांब उभं राहायचंस."

भावजय चटकन हो म्हणाली. इतकी चटकन, की अक्काचे कान टवकारले.

चाचणीच्या आदल्या दिवशी दोन्ही डिफ पुसताना तिला कारण सापडलं. प्लेटवाल्याच्या मागच्या बाजूला तेल भरायचा बोल्ट असतो, त्याच्या माथ्यावर नखांच्या रंगाचा बारीक लाल ठिपका. रंग ओळखायला अक्काला वेळ लागला नाही. भावजयीची ती बाटली बाथरूमच्या फळीवर अक्काच्याच ब्रशशेजारी असायची. ती पुटपुटली, "अस्सं." दोन्ही डिफची कवचं एकाच मापाची. तिने दोन्ही बोल्ट काढले आणि अदलाबदल करून घट्ट बसवले. आता ठिपका वेल्डवाल्यावर होता.

बंद पडलेल्या गोदामामागे काँक्रीटचं मोठं आवार होतं. जागेच्या मालकाची गाडी अक्काने सांभाळलेली, म्हणून तिथे कोणी हटकत नसे. पहिल्या फेरीला भावजय गाडीमागे बुटाची नाडी बांधायला वाकली, उठली आणि सीटवर बसली. धूर झाला, टायर किंचाळले. परत येऊन तिने हेल्मेट काढलं.

"हट्टी बैल नुसता. वळणातून सुटताना ढकलत नेतो. हा तुमचाच, वन्सं."

अक्का आणि धाकट्याने गाडी जॅकवर घेऊन डिफ बदलला. दुसऱ्या फेरीआधी नाडी पुन्हा सुटली.

"आहाहा!" परत आल्यावर भावजय म्हणाली. "याला म्हणतात डिफ. जोर कमी केला की कसा अलगद सोडतो!"

"नक्की?"

"डोळे मिटून सांगते."

"डोळे मिटले असतेस तर बरं झालं असतं," अक्का म्हणाली. "हा वेल्ड आहे. ज्याला बैल म्हणालीस तो तुझा खोक्यातला."

भावजयीच्या तोंडून निघून गेलं, "पण ठिपका..."

धाकट्याने विचारलं, "कसला ठिपका?"

नव्या प्लेट घट्ट असतात, त्यामुळे दोन डिफमधला फरक बारीक होता. ती एरवी तो सहज पकडू शकली असती, पण ठिपका बघितल्यावर तिने शोधायचंच सोडून दिलं होतं. तिचा चेहरा हेल्मेटच्या अस्तरासारखा लाल झाला.

"बरं," ती म्हणाली. "मी खोटी. पण एवढी वर्षं लॉक करताय, त्या सीटवर कधी बसलायत तुम्ही? माझ्या शेजारी? माझ्या हाडात काय वाजतं ते ऐकलंय?"

अक्का कधीच बसली नव्हती. तिला कोणी विचारलंच नव्हतं, आणि आपण होऊन मागणं तिच्या रक्तात नव्हतं.

"दे हेल्मेट."

वेल्डवाला डिफ गाडीत होताच. पट्टे आवळले. गाडी पहिल्या वळणात आडवी झाली तेव्हा अक्काने दार घट्ट धरलं. दुसऱ्या वळणात तिला कबूल करावं लागलं, मनातल्या मनात आणि अगदी नाइलाजाने, की पोरगी अफाट चालवते. आपण लोखंडात घातलेलं काम हिच्या हातात असं फिरतं, हे तिने बाहेरून कधी पाहिलंच नव्हतं.

मग तिला ते ऐकू आलं. मागून, डावीकडून. गाडी एका बाजूची दुसऱ्या बाजूला फिरताना एक कट्. पुढच्या वळणाला परत. कट्-कट्. भावजयीला इंजिनच्या आवाजात आणि जिंकण्याच्या ईर्षेत ते कळत नव्हतं. अक्काला आवाजावरून आतलं दिसत होतं: एक्सलच्या टोकाचा सांधा, तिने नुकताच नवा बसवलेला, उकलत चालला होता.

समोर गोदामाची भिंत येत होती. बोललं तर गाडीचं काम हातातून जाणार. आपल्याच लॉकविरुद्ध आपलीच साक्ष. फेरी संपायला एकच वळण उरलं होतं. कदाचित टिकला असता.

"पाय काढ!" अक्का ओरडली. "डावा जातोय! काढ पाय!"

आयुष्यात पहिल्यांदा भावजयीने तिचं ऐकलं. गाडी घसरत, फिरत आवाराच्या मधोमध थांबली. धाकटा धावत आला. अक्काने खाली वाकून पाहिलं. सांध्याचं रबर फाटलेलं, ग्रीस चाकभर उडालेलं, आतल्या कड्याला आरपार तडा.

भावजय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता बोला."

"बोलले ना. नसते बोलले तर भिंतीला चिकटली असतीस."

"लॉकमुळेच."

"हो, लॉकमुळे," अक्का म्हणाली. आणि लगेच, "आणि तुझ्या क्लचमुळेही."

"मग प्लेटवाला बसणार. मी गिअरबॉक्सवाल्याला फोन करते."

"त्याने माझ्या गाडीखाली डोकं घातलं तर पाय धरून बाहेर ओढीन. मी बसवणार."

"हरलात तुम्ही, वन्सं."

"तू फसवताना पकडली गेलीस. कोणत्या तोंडाने सांगतेस?"

"आणि तुम्ही आतून गुपचूप वेल्ड मारलंत तर?"

अक्काला हा घाव बसला. तिने पान्याने बूट ठोकला. "मी काय वाटेल ते करीन, पण न सांगता वेल्ड मारणार नाही. या प्लेट झिजतात. मोसमात एकदा तरी उघडाव्या लागणार. तेव्हा समोर उभी राहा आणि बघ."

"बघणारच आहे."

प्लेटवाला अक्कानेच बसवला. एकेक प्लेट तेलात भिजवून, तोंड वाकडं करून, पण चोख. दुसऱ्या दिवशी ती गाडीखाली गेली तर डिफच्या प्रत्येक बोल्टच्या माथ्यावर लाल ठिपका. तिने तशीच आडवी पडून हाक मारली.

"बाईसाहेब! खाली ये. बाटली घेऊन ये."

भावजय आली. उंबऱ्यावरच म्हणाली, "मी पुसणार नाही."

"पुसू नकोस. पण ही काय पद्धत? नुसत्या माथ्यावर ठिपका दिलास तर मी बोल्ट फिरवून परत बसवला तरी ठिपका जिथल्या तिथे. कळणार कसं तुला? अर्धी रेघ बोल्टवर, अर्धी कवचावर हवी. हलला की रेघ तुटते. संशयसुद्धा धड घेता येत नाही."

तिने बाटली हिसकावून घेतली आणि स्वतःच एकेका बोल्टवर रेघ ओढू लागली. भावजय वाकून बघत राहिली.

"ती वाकडी आलीय, वन्सं."

"तुझी सावली पडतेय. सरक."