माझे गोल आणि माझी जाऊ

तिशी ओलांडलेल्या बायकांच्या आमच्या हॉकी टीममध्ये गोल करायचे ते मीच, असा सहा वर्षं रिवाजच होता. मी सेंटर फॉरवर्ड आणि माझ्या डाव्या हाताला, लेफ्ट इनला, माझी धाकटी जाऊ. दर रविवारी सकाळी निगडीच्या घरातून आम्ही एकाच स्कूटरवर पिंपरीच्या मैदानावर जायचो. येताना मी माझ्या गोलांचं वर्णन करायचे आणि ती मागं बसून हूं हूं करायची. तिनं पास दिला होता हे माझ्या वर्णनात कधी आलंच नाही.

मग तिनं आणि दिरांनी चऱ्होलीला फ्लॅट घेतला. तिची चाकणची कंपनी तिथून जवळ, मुलीला वेगळी खोली हवी. सगळं रास्तच होतं. पण मला कळलं ते बुकिंग झाल्यावर, आणि माझा राग म्हणजे उतू जाणारं दूध. सासूबाईंसमोर मी तिला म्हणाले, "घर फोडलंस." वास्तुशांतीला गेले नाही. मी शिकवते त्या शाळेत खेळाच्या स्पर्धा आहेत, असं खोटं सांगितलं. तिनं सासूबाईंबरोबर डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या. मी त्या खाल्ल्या आणि डबा रिकामाच परत पाठवला. आपल्याकडं रिकामा डबा कोणी परत पाठवत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मला ते माहीत होतं, म्हणूनच पाठवला.

त्यानंतर ती तिच्या कंपनीच्या टीममधून खेळायला लागली.

तिच्या जागी मारुंजीला राहणारी, आयटीतली एक मुलगी आली. नुकतीच तिशी ओलांडलेली, वाऱ्यासारखी पळणारी, आणि मला काकू म्हणणारी. तिचे पास जावेपेक्षा कडक. तरी सलग पाच मॅचमध्ये माझा एकही गोल झाला नाही. मी आधी स्टिक बदलली, मग बूट बदलले. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मैदानालाही नावं ठेवली. शेवटी त्या मुलीवरच घसरले, "जरा बघून देत जा गं पास!"

"काकू, पास नीट येतोय," ती म्हणाली. "पण डावीकडून आला की तुम्ही थांबता. गुडघा दुखतो का?"

कॉलेजात असताना माझा डावा गुडघा निखळला होता. तो केव्हाच बरा झाला, असं मी घरीदारी सांगत आले होते आणि मलाही ते खरं वाटत होतं. त्या दिवशी घरी आल्यावर मी नवऱ्यानं मोबाइलवर घेतलेले मॅचचे जुने व्हिडिओ लावले. पूर्वीही ते पाहिले होते, पण तेव्हा फक्त स्वतःकडं बघत होते. आता जावेकडं बघितलं. गोलपुढच्या अर्धगोलाच्या, म्हणजे डीच्या तोंडाशी, समोर गोल मोकळा दिसत असतानाही ती मारत नव्हती. दोन पावलं जास्तीची पळून, बचाववाल्या बाईला चकवून, बॉल माझ्या उजव्या अंगाला आणून ठेवत होती. एकदा नाही, दरवेळी. सहा वर्षं ती माझा गुडघा सांभाळत होती आणि मला पत्ता नव्हता. मी फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं, पण कोणत्या तोंडानं बोलणार?

पुढच्या महिन्यात आमची मॅच नेमकी तिच्याच कंपनीच्या टीमशी ठरली. आठवडाभर मला नीट झोप नव्हती. तिनं त्यांच्या बॅकला, म्हणजे बचाववालीला, एवढंच सांगायचा अवकाश, हिला डावीकडं ढकला. मग माझा खेळ खलास. तिच्या जागी मी असते तर सांगितलं असतं, हेही मला ठाऊक होतं. त्याची लाज वाटत होती.

मॅच सुरू झाली. त्यांची बॅक धिप्पाड, माझ्या डाव्या बाजूला भिंतीसारखी उभी राहिली आणि उजवी बाजू अख्खी मोकळी. नव्या मुलीनं बॉल तिकडं ढकलला आणि मी गोल केला. इतक्या दिवसांनी झालेला गोल, पण मला नाचावंसं वाटेना. मी जावेकडं पाहिलं. ती स्टिकला गुंडाळलेली पट्टी सारखी करत होती.

हाफटाइमला ती पाण्याच्या जारपाशी एकटी होती. मी जाऊन उभी राहिले. माफी मागायची असं ठरवून गेले होते, तोंडातून भलतंच निघालं.

"माझ्या गुडघ्याचं तुमच्या टीमला सांगितलं नाहीस?"

तिनं ग्लास भरला, आधी माझ्या हातात दिला.

"काहीतरीच काय ताई," ती म्हणाली, "घरातलं बाहेर कशाला सांगायचं?"